दाण्याचे कूट

मिठाच्या खालोखाल आमच्या देशावरील स्वयंपाकघरात ज्या वस्तूचा सर्वत्र संचार असतो, ती म्हणजे दाण्याचे कूट. काकडीची कोशिंबीर त्याच्यावाचून पूर्ण होत नाही. भरल्या वांग्यांना त्याच्यावाचून चव येत नाही. आणि एकादशी-चतुर्थीस तर घरात त्याचेच राज्य! खिचडीत तेच, वऱ्याच्या तांदळाबरोबरच्या आमटीत तेच, आणि तोंड गोड करावयाचे म्हटले तर गुळाच्या लाडवातही तेच. तीन वर्षांपूर्वी आमच्या नातीने असल्याच एका लाडवाचा कण तोंडात घातला आणि पाहता पाहता तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या व श्वास घरघरू लागला. त्या प्रसंगातून ती वाचली. पुढे रक्ताची व त्वचेची परीक्षा झाली, आणि डॉक्टरांनी सांगितले, "शेंगदाणा हे हिच्यापुरते विष समजा." पोरीचे वय तेव्हा अडीच वर्षांचे होते.

ह्या विकाराचा शास्त्रीय इतिहास फारसा जुना नाही. सन १९०२ मध्ये रिशे व पोर्तिये ह्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांस असे आढळले की, कुत्र्याने एकदा पचविलेल्या विषाची अगदी अल्प मात्रा काही आठवड्यांनी त्यास पुन्हा दिली, तर ते काही मिनिटांतच दगावते. ह्या संशोधनाबद्दल रिशे ह्यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के नामक वैद्याने प्रचारात आणला. शरीराचा पहारेकरी पाहुण्यासच दरोडेखोर समजतो आणि त्याला हाकलण्याच्या भरात घरालाच आग लावतो, असा हा प्रकार आहे. त्यात विशेष हे की, शेंगदाणा भाजल्याने त्याचा हा दोष जात नाही, उलट वाढतो. तेलाची गोष्टही अशीच. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात दाण्याचे प्रथिन जवळजवळ उरत नाही. पण ज्या घाण्याच्या तेलाचा आम्हांस एवढा अभिमान, त्यात ते उतरते.

तेव्हा कुटाचा डबा गेला, तेलाची बरणी गेली, मिक्सरचे भांडे बदलले. प्रश्न उरला तो दगडी खलबत्त्याचा. तो सौ.ने माहेराहून आणलेला. तिच्या आईच्या हातचा. कितीही धुतला तरी दगडाच्या छिद्रांत काय राहिले असेल ह्याचा भरवसा कोणी द्यावा? सूनबाई तोंडाने काही बोलली नाही, परंतु त्या कोपऱ्यापाशी मुलगी गेली की तिला उचलून घेई. पंधरा दिवस दोघींमध्ये जेवणाखेरीज दुसरे बोलणे झाले नाही. सोळाव्या दिवशी सौ.ने खलबत्ता फडक्यात बांधून आपल्या भाचीकडे पाठवून दिला, आणि त्या संध्याकाळी सासू-सुना पुष्कळ वेळ स्वयंपाकघरात बसल्या होत्या. आत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

उपवासाचा पेच मात्र राहिला. चाळीस वर्षे ज्या पदार्थांनी एकादशी साधली ते सोडावयाचे, हे सौ.च्या मनास पटेना. परंतु विचार केला तर ह्या फराळात सोवळे ते काय? भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिकडचाच, मिरची तिकडचीच, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंदही तिकडचाच! जे धर्मशास्त्र ह्यांपैकी कशाचेच नाव जाणत नव्हते, ते एक दाणा वगळल्याने कोपेल काय? ह्या युक्तिवादाने तिचे समाधान झाले की नाही कोण जाणे. पण शेजारच्या कोकणातल्या वहिनींनी खिचडीत ओला नारळ घालून दाखविला आणि भगरीबरोबर नारळाच्या दुधाची, कोकम घातलेली आमटी दिली, तेव्हा झाले.

घराबाहेरचे काम ह्याहून कठीण. आमच्या समाजात प्रेमाची भाषा म्हणजे आग्रह. "एवढ्याशाने काय होते?" हे वाक्य आपण किती मायेने उच्चारतो! आमच्या वडील भगिनींचे मत असे की, रोज थोडे थोडे दिले म्हणजे सवय होईल. ह्यात सत्याचा अंश आहे, हेच धोक्याचे. धोका अधिक असलेल्या अर्भकांस पहिल्या वर्षातच दाणा खाऊ घातला तर हा विकार जडण्याचे प्रमाण पुष्कळ घटते, असे लंडनमधील एका प्रयोगाने २०१५ साली दाखविले. परंतु ती विकार जडण्यापूर्वीची गोष्ट. जडल्यानंतर मात्रा वाढवीत नेण्याचा उपचारही आहे. तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाचा, आत्याबाईंच्या मांडीवर बसून नव्हे.

म्हणून मुलीस एक वाक्य शिकवावे लागले: "ह्यात दाणे आहेत का?" हळदीकुंकवास, वाढदिवसास, देवळातही. प्रसादाला नाही म्हणणारे मूल लोकांस उद्धट वाटते. तिला भित्री करावयाची नाही आणि बेसावधही राहू द्यावयाची नाही, ही कसरत रोजची आहे. तिच्या पिशवीत अ‍ॅड्रिनलिनची कुपी, सुई व डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील मात्रेची चिठ्ठी असते. मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचावयाचे, आडवे निजवून पाय उंच करावयाचे, श्वास लागला असेल तर बसू द्यावयाचे, आणि बरे वाटले तरी रुग्णालय गाठावयाचे. कारण काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो. घरातील आम्ही चौघेही मोठे हे डॉक्टरांसमोर संत्र्यावर टोचून शिकलो. सौ.चा हात त्यात सर्वांत स्थिर निघाला.

आता नात साडेपाच वर्षांची आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटावर शेंगदाण्याचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. हलवायाच्या परातीवर तसले काही नसते, म्हणून ती वाट आम्ही सोडली आहे. दुकानात सौ. पाकीट हाती घेते, चष्मा सावरते आणि इंग्रजी अक्षरांवरून नातीचे बोट फिरविते. त्या भाषेतील जो पहिला शब्द पोरीने स्वतः ओळखला, तो 'पीनट' हा होय. तो दिसताच ती पाकीट फळीवर परत ठेवते आणि मोठ्या ऐटीत पुढचे उचलते.