कोल्टआजोबा आणि ग्लॉकआजोबा

२०२४ च्या उन्हाळ्यात लेकाकडे डॅलसजवळ चार महिने राहून आले, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. विषय वाचून आमच्या नणंदबाई दचकतील, पण लिहितेच.

लेकाच्या गल्लीत समोरासमोर दोन म्हातारे राहतात. एक व्हिएतनामच्या लढाईतून परतलेले, दुसरे निवृत्त पोलीस. दोघांनाही पिस्तुलांचा भारी नाद. पण एकाचा जीव कोल्टच्या ‘१९११’ वर, तर दुसऱ्याचा ग्लॉकवर. माझ्या नातीने त्यांची नावंच पाडली आहेत, कोल्टआजोबा आणि ग्लॉकआजोबा.

दर शनिवारी सकाळी कोल्टआजोबांच्या गराजमध्ये खुर्च्या टाकून कॉफी आणि भांडण. मी आपली नातीला दुभाषी म्हणून घेऊन बसायची. कोल्टआजोबा छाती काढून सांगत, "अमेरिकन सैन्याने हे १९११ साली घेतलं आणि १९८५ पर्यंत वापरलं. दोन महायुद्धं जिंकली यानं!" ग्लॉकआजोबा शांतपणे विचारत, "आणि गोळ्या किती मावतात? सात. माझ्यात सतरा." मग वजनावर गाडी येई. ते पोलादी धूड रिकामं असतानाच किलोच्या वर, हे प्लॅस्टिकचं पाऊण किलोसुद्धा नाही. त्यावर कोल्टआजोबांचं ठरलेलं उत्तर, "टपरवेअर!" ग्लॉकला तिकडे खरंच चेष्टेने असं म्हणतात. आमच्या डब्यांची कीर्ती कुठवर पोचली आहे पाहा!

ग्लॉकआजोबाही कमी नाहीत. कोल्ट ही कंपनी २०२१ मध्ये चेक लोकांनी विकत घेतली, याची आठवण ते दर आठवड्याला करून देत. "तुझं अमेरिकन पिस्तूल आता युरोपचं झालं, माझं निदान पहिल्यापासून तिकडचं आहे." ते खरंच आहे. ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांनी त्याआधी कधी पिस्तूल केलं नव्हतं, आणि १९८२ मध्ये त्यांचं पिस्तूल तिथल्या सैन्याने घेतलं.

गंमत अशी की ‘१९११’ घडवलं जॉन ब्राऊनिंग यांनी. गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाईड एकत्र मागे सरकायची आणि मग नळी खाली कलून सुटी व्हायची, ही त्यांचीच युक्ती. तीच थोडी बदलून ग्लॉकमध्येही आहे. म्हणजे भांडण एकाच आजोबांच्या दोन नातवंडांचं!

आमच्या ह्यांचं आणि शेजारच्या भाऊजींचं असंच चालायचं. हे चेतकवाले, भाऊजी विजय सुपरवाले. चेतक सुरू झाली नाही की हे ती तिरकी करायचे आणि भाऊजी गॅलरीतून टाळ्या वाजवायचे. पण तुम्ही म्हणाल, स्कूटर आणि पिस्तूल एकच का? नाही, मुळीच नाही. स्कूटर कोणाला मारण्यासाठी बनत नाही.

माझी नात नऊ वर्षांची. एकदा सहज सांगत होती, शाळेत सराव असतो. दिवे बंद करायचे, दारापासून लांब कोपऱ्यात बसायचं, हुंकारसुद्धा काढायचा नाही. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं. मुलांना गप्प बसवण्यात आयुष्य गेलं, पण असं गप्प बसवायची वेळ माझ्यावर आली नाही. २०२२ मध्ये याच टेक्सासातल्या युवाल्डी गावात, शाळेत शिरून एकाने १९ मुलं आणि २ शिक्षिकांना मारलं. ते मनातून जात नाही.

त्या शनिवारी मी दोघांना हे विचारलं. कोणी वाद घातला नाही. ग्लॉकआजोबा बराच वेळ कप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "टीचर, माझी सून शाळेतच शिकवते." एवढंच. पुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

जाण्याआधी त्यांनी मला नेमबाजीच्या जागी नेलं. मी कानांवर ते जाड कव्हर लावून काचेमागे बसले. कोल्टआजोबांची बोटं आता संधिवाताने वाकडी झाली आहेत. स्लाईड मागे खेचायला गेले, जमेना. दुसऱ्यांदाही जमेना. म्हटलं, आता हे टपरवेअरचा सूड घेणार! पण ग्लॉकआजोबांनी मुकाट्याने ते पिस्तूल घेतलं, तोंड समोरच्या निशाण्याकडेच ठेवून स्लाईड खेचली आणि परत त्यांच्या हातात दिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "स्प्रिंग नवीन घातली आहे त्यानं, फार कडक आहे." नातीने मला नंतर सांगितलं, स्प्रिंग जुनीच आहे.

पिस्तूल मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. ते गल्लीत नसतं तर मला अधिक झोप लागली असती. पण त्या दोघांची निष्ठा कंपनीवर आहे असं मला आता वाटत नाही. शनिवारी भांडायला समोर कोणीतरी हवं, त्यासाठी ते आपापली बाजू सोडत नाहीत.

हे गेल्यावर भाऊजींनी विजय सुपर विकून टाकली. म्हणाले, "आता कोणाला दाखवू?"

असो. नातीचा परवा फोन होता, दोघांचं भांडण चालू आहे म्हणे. बरं वाटलं.