डोळे मिटून ऐकलेला धडा

आटपाडी तालुक्यातल्या शाळांत मी विशेष शिक्षिका म्हणून फिरते. वर्गात दाखवायचा व्हिडिओ मी आधी डोळे मिटून ऐकते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धडा मोबाइलवर उघडतो, ही सोय मोठीच. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती आधी करून दाखवली; २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण डोळे मिटले की बऱ्याच व्हिडिओंत उरतं ते नुसतं "इथे पाहा, हा भाग आणि तो भाग."

सातवीतल्या एका मुलीला अजिबात दिसत नाही. तिच्या मोबाइलवर टॉकबॅक आहे. बोट ठेवेल तिथलं तो वाचून दाखवतो, पण पानाचा नुसता फोटो असला तर फार काही हाती लागत नाही. म्हणून फुलाच्या धड्याला मी तिला घरच्या बागेतलं डाळिंबाचं फूल आणायला सांगितलं आणि माझ्याच आवाजात रेकॉर्डिंग केलं. "देठाकडून बोट वर आण. जाड, गुळगुळीत लागतोय तो निदलपुंज. टोकाला त्याचेच त्रिकोणी दात. आत चुरगळलेल्या, पातळ पाकळ्या. थांब, मोज." मोजायला पुरेशी जागा मी रेकॉर्डिंगमध्ये मोकळी सोडली होती. ती दातांपाशीच अडली आणि म्हणाली, "बाई, हे तर डाळिंबाच्या डोक्यावरचं!"

खरंच तेच ते. पाकळ्या गळतात, निदलपुंज फळावर मुकुट होऊन राहतो. मग तेच रेकॉर्डिंग, स्क्रीन न लावता, सगळ्या वर्गाला ऐकवलं. व्हिडिओ पाहताना चुळबूळ करणारी पोरं हातातलं फूल चाचपत बसली. डाळिंबाच्या बागेत वाढलेल्या पोरांनाही मुकुट कुठून येतो हे माहीत नव्हतं.

आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात. असा भोंगा आमच्याकडच्या गावांतही वाजावा, असं मला मनापासून वाटतं. फक्त या मुलीचा मोबाइल त्या वेळी कुणी काढून घेऊ नये. तिचं पुस्तक तेच आहे. तिच्या आईला मी विमान मोड लावायला शिकवलंय. फोन येत नाही, मेसेज येत नाही, टॉकबॅक आणि रेकॉर्डिंग चालू राहतं.

आता नकाशा घ्यायचाय. पुठ्ठ्यावर सुतळीची माणगंगा चिकटवून झाली, साताऱ्यातून निघून आटपाडीवरून पार भीमेपर्यंत. बोट कुठून चालू करायला सांगायचं, ते वाक्य अजून जमत नाहीये.