औषध कुणी मारलं?

माझी मुलगी सहा महिन्यांची झाली, तिला मुगाच्या वरणाचं पाणी सुरू केलं, आणि त्याच आठवड्यापासून आमच्या घरी सेंद्रिय माल येऊ लागला. आधी मूगडाळ, मग तांदूळ, नाचणी, गूळ, पुढे सगळी भाजी. दीडपट-दुप्पट पैसे मोजताना कधी जीवावर आलं नाही. कारण एकच होतं, भीती. लेकराच्या पोटात विष जाऊ नये. पिशवीवर 'विषमुक्त' असं छापलेलं असे आणि मला तेवढा शब्द पुरे असे.

त्या भीतीत थोडा तोराही होता, हे आज कबूल करते. साध्या मंडईतून भाजी आणणाऱ्या मैत्रिणींना मी सेंद्रिय अन्नातल्या जास्तीच्या जीवनसत्त्वांबद्दल ऐकवत असे. 2012 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. पोषणात ठोस फरक त्यांना दिसला नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रिय मालात कमी सापडले. यातलं मला सोयीचं तेवढं मी उचललं.

मत पालटलं ते 2017 च्या भाऊबीजेला.

जुन्नर तालुक्यात माझ्या धाकट्या चुलत भावाची बागायत आहे. त्या वर्षी वांगी होती. ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तू बस, मी तेवढं औषध मारून येतो." मीही मागोमाग बांधावर गेले. त्यानं बाटलीच्या झाकणानं माप घेऊन ड्रममध्ये ओतलं. भावजय काठीनं ढवळत होती, हात उघडेच. मनगटावर थेंब उडाले ते तिनं पदराला पुसले. भावानं नाकाला रुमाल बांधला आणि पंप पाठीवर घेतला. पंप गळत होता. दोन सऱ्या होईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. "मागं सर ताई, वारं तुझ्याकडंच येतंय," तो ओरडला. तो स्वतः त्याच वाऱ्यात चालत होता. रात्री ताट पुढे सारून तो उठला. भावजय म्हणाली, "फवारणीच्या दिवशी त्यांना जेवण जातच नाही."

त्याच सुमारास वर्तमानपत्रं यवतमाळच्या बातम्यांनी भरलेली होती. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. मी हळहळले होते, पण माझ्या सेंद्रिय पिशवीशी त्याचा संबंध लावला नव्हता. कपाशी काही आमच्या ताटात येत नाही.

माझ्या ताटात येतो तो धुऊन, शिजवून उरलेला अंश. भावाच्या पाठीवरून वाहत होतं ते पंपातलं द्रावण. इतकी वर्षं मी फक्त त्या अंशाला भीत आले, याची मला मनापासून लाज वाटली.

आता भावानं दहा गुंठ्यांवर रासायनिक फवारणी थांबवली आहे. निंबोळी अर्क, दशपर्णी, कामगंध सापळे यांवर भागवतो. उत्पन्न घटलंय, बरीच वांगी किडकी निघतात. आणि त्याच्याकडे सर्टिफिकेट नाही. नियमाप्रमाणे हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान दोन वर्षं जमीन रसायनांशिवाय कसावी लागते, फळबागेला तीन. त्या काळात नुकसान सगळं शेतकऱ्याचं, सेंद्रियचा भाव मात्र नाही. अशा शेतकऱ्यांना मी पूर्वी "सर्टिफिकेट आहे का?" एवढंच विचारून परत पाठवत असे. चुकत होते मी.

मुलीच्या काळजीनं सुरू झालेली खरेदी काळजीनंच चालू आहे, पण त्या काळजीत आता पंप पाठीवर घेणारा माणूसही आहे. तुमच्या माहितीत असा मधल्या वर्षांतला शेतकरी असेल तर त्याचा माल आत्ता घ्या, किडकं वांगं चिरून टाकावं लागलं तरी घ्या. सर्टिफिकेट हाती आल्यावर गिऱ्हाईक त्याला मिळेलच.