पटावरची नावं

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षिकेचं पहिलं काम हजेरीपट लिहिण्याचं. नावं लिहिताना मला दरवर्षी माझ्याच दहावीच्या वर्गाचा पट आठवतो. चिपळूण तालुक्यातल्या एका उर्दू हायस्कूलचा तो वर्ग. एकूण 54 नावं, 28 मुली आणि 26 मुलगे. मार्च 2005 मध्ये आम्ही सगळ्यांनी एकाच केंद्रावर परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला आणि त्या एका वर्गाचे दोन वर्ग झाले, पास झालेल्यांचा आणि नापास झालेल्यांचा. पहिल्या वर्गाशी माझा संपर्क राहिला. दुसऱ्या वर्गाबद्दल आज लिहायचं आहे.

पटावर माझा नंबर अठरा होता. सतरा नंबरची मुलगी आठवीपासून माझ्या बाकावर बसायची. तिने सांगितलं आहे की माझं नाव लिहू नकोस, म्हणून लिहीत नाही. गणितात ती माझ्या पुढे होती. भूमितीचं प्रमेय ती एकदा वाचायची आणि मधल्या सुट्टीत मला समजावून द्यायची. मीही तिला इंग्रजीत मदत करायचे, पण ती मदत कमी पडली. इंग्रजीत तिला 35 मिळाले नाहीत. बाकीच्या सगळ्या विषयांत ती पास होती.

आज शिक्षिका म्हणून विचार करते तेव्हा त्यात नवल वाटत नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, तेव्हा आम्ही सहावीत पोचलो होतो. उर्दू माध्यमाच्या मुलाला मदरशात अरबी, शाळेत उर्दू, त्याबरोबर मराठी आणि मग इंग्रजी. दोन लिप्या उजवीकडून, दोन डावीकडून. घरात बोलायची ती कोकणी. इंग्रजीचा शब्द वर्गाबाहेर कुठे कानावर पडतच नसे. पण त्या दिवशी हा हिशेब कुणी मांडला नाही. गुणपत्रिकेवर नापास लिहिलं होतं, तेवढंच सगळ्यांनी वाचलं.

निकालाच्या दिवशी मी पेढे वाटले. ती शाळेच्या गेटातून बाहेर पडताना मला दिसली. मनात आलं, उद्या जाऊ तिच्या घरी. उद्याचा परवा झाला. मग वाटलं, आपण गेलो तर तिला लाज वाटेल. माझी अकरावी सुरू झाली.

26 जुलै 2005 च्या पावसात चिपळुणात पूर आला. तिचं घर पेठमापात, वाशिष्ठीच्या पाण्याच्या वाटेवर. आमचं घर चढावर, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. तेव्हा दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरमध्ये असायची. एक विषय सोडवायला तिच्याकडे अडीच महिने होते. पण तिची पुस्तकं पुरात गेली. हे मला चार दिवसांनी बाजारात कळलं. माझं इंग्रजीचं पुस्तक आणि गाईड आमच्या घरात फळीवर कोरडं होतं. पेठमापात जायला पाऊण तास लागतो. मी गेले नाही. पुढे वर्षभरात तिचं लग्न श्रीवर्धनकडे झालं. मी वर्गमैत्रीण म्हणून आमंत्रणाची वाट पाहिली. आमंत्रण आलं नाही, आणि मी मनात तिलाच दोष दिला.

मुलींचा संपर्क तुटायला फार काही लागत नाही. लग्नानंतर माहेरचं आडनाव जातं, गाव बदलतं. त्या वर्षांत मोबाईल घरात आला तरी तो भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असायचा. मुलगे शारजा, दोहा, कुवेत, रियाधला गेले, पण त्यांचे नंबर एकमेकांकडे राहिले. पुढे व्हॉट्सॲप आलं आणि 'दहावी 2005' नावाचा त्यांचा ग्रुप निघाला. आम्हा मुलींचा वेगळा ग्रुप 2016 मध्ये झाला. त्यात आम्ही तेरा जणी होतो. ईद मुबारक, मुलांचे फोटो, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, शीरखुर्म्याचं प्रमाण, सगळं त्यावर चाले. कुणी म्हणालं की आपली पूर्ण बॅच एकत्र आली, तर आम्ही सगळ्या हो म्हणायचो. तेरा म्हणजे अठ्ठावीस नव्हेत, हे रोज हजेरी घेणाऱ्या माझ्याही लक्षात आलं नाही. त्या तेराच्या तेरा जणी पहिल्या फटक्यात पास झालेल्या होत्या.

21 जुलै 2021 ला बकरी ईद होती. दुसऱ्या दिवशी पहाटे चिपळूण पुन्हा पाण्याखाली गेलं, आणि या वेळचं पाणी 2005 पेक्षा फार मोठं होतं. वीज गेली, फोन गेले. दोन दिवसांनी फोनला थोडी रेंज आली तेव्हा मेसेज धडाधड पडायला लागले. माझा चुलतभाऊ आमच्याच वर्गात होता. मुलांच्या ग्रुपवरचं कामाचं तो मला पुढे पाठवायचा. दोहाहून एकाने लिहिलं होतं, "पैसे पाठवतो. पण आधी पेठमापातल्या सतरा नंबरच्या घरी कुणीतरी जाऊन बघा. ती ईदला माहेरी आलेली असते." हा मुलगाही आमच्याबरोबर नापास झालेला. दहावी सोडून एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि परदेशी गेला. तिची ईद कुठे असते हे त्याला दोह्यात माहीत होतं. मला चिपळुणात माहीत नव्हतं.

पाणी ओसरलं तशी मी फावडं आणि दोन पिंपं पाणी घेऊन भावाच्या टेम्पोतून गेले. रस्त्यावर गुडघाभर चिखल, दारोदार भिजलेल्या गाद्यांचे ढीग. फ्रिजमधलं कुर्बानीचं मटण सडून त्याचा वास सगळ्या मोहल्ल्यात भरला होता. ती पदर खोचून पडवीतला चिखल घमेल्याने उपसत होती. मला पाहून थांबली.

"काय गो, सोळा वर्षांनी आलीस ती चिखल काढायला?"

मी काही न बोलता फावडं घेतलं. तासाभराने आम्ही ओट्यावर चहा प्यायला बसलो तेव्हा तिने विचारलं, "तेव्हा माझी पुस्तकं गेली होती, तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"तुझं पुस्तक होतं ना घरी?"

"होतं."

तिने कपात पाहत मान हलवली. म्हणाली, "मी आठ दिवस वाट बघितली. नंतर नाही." पुढे ती त्याबद्दल बोलली नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफ केलं, आता ते कपाट धरायला ये.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, तुला ग्रुपमध्ये घेते. तिने विचारलं की त्यात कोण कोण आहे. मी तेरा नावं सांगितली. तेव्हा तिने आपणहून पट म्हणायला सुरुवात केली, एक नंबरपासून, आमच्या बाई म्हणायच्या त्याच चालीत. कोण मंडणगडला आहे, कोण कुवेतला, कुणाच्या मुलीचा साखरपुडा झाला, कुणाचा नवरा वारला, सगळं तिला तोंडपाठ. लग्नाला, मय्यतीला, उरुसाला या सगळ्या भेटत होत्या आणि एकीकडून दुसरीची खबर नेत होत्या. त्यांचा वर्ग कधी मोडलाच नव्हता. आम्ही पास झालेल्याच त्यातून निघून गेलो होतो.

तेवीस नंबरवर ती थांबली. "ही गेली. 2013 मध्ये, बाळंतपणात. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. आमच्या तेरा जणींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तेवीस नंबरची मुलगी फळ्यावर सुंदर अक्षरात सुविचार लिहायची. तिच्या जाण्याला आठ वर्षं होऊन गेली होती आणि आमच्या ग्रुपवर तोवर पाचशेवर ईद मुबारक होऊन गेले असतील. आम्ही दोघींनी त्या ओल्या पडवीत तिच्यासाठी फातिहा पढली.

आता आमच्या ग्रुपमध्ये बावीस जणी आहेत. माझी बाकावरची मैत्रीण त्यात नाही. फोनवर काय बोलायचं, म्हणते, तू येत जा. म्हणून बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मी पेठमापात जाते. ती सांदणं करून ठेवते.

शाळेतही मी एक गोष्ट सुरू केली आहे. 2015 पासून फेरपरीक्षा जुलैच्या आसपास होते, म्हणजे नापास झालेल्या मुलीला आम्हाला मिळायचा त्याहून कमी वेळ मिळतो. निकालानंतर मी पास झालेल्या मुलींकडून इंग्रजी आणि गणिताची पुस्तकं, वह्या मागते. त्या शाळेत जमा करत नाही. ज्यांची पुस्तकं त्यांनाच नापास मैत्रिणीच्या घरी पोचवायला पाठवते, आणि बजावते की अर्धा तास बसल्याशिवाय उठायचं नाही. पुस्तक तर तिच्याकडेही असतं. पण रिकाम्या हाताने तिच्या दारात उभं राहायला किती अवघड जातं, ते मला ठाऊक आहे.

गेल्या बकरी ईदला गेले तेव्हा सांदण पुढे ठेवत तिने विचारलं, "यंदा तुझ्या वर्गात किती नापास?"

"तीन मुली."

"गेल्या त्यांच्याकडे कुणी?"

"दोघींकडे गेल्या. तिसरीचं घर लांब आहे, नदीपलीकडे. तिच्याकडे मी जाणार आहे."

तिने बशी माझ्या पुढून उचलली, त्यातली सांदणं डब्यात भरली आणि डबा माझ्या हातात दिला.

"मग बसलीस काय गो? ऊठ."