खाजनाखालचा समुद्र

आगरवाड्याकडील आमच्या खाजनाचा बांध दोन वर्षांपूर्वी श्रावणी पौर्णिमेच्या भरतीला फुटला आणि उभ्या कोरगुट भातात खारे पाणी शिरले. कोरगुट खारेपण सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. डागडुजीसाठी खणताना कमरेइतक्या खोलीवर काळा, उग्र वासाचा चिखल लागला. त्यात कालवांचे शिंपले होते. बांधाचे काम करणारा वृद्ध गडी सहज म्हणाला, "बाहेरचा चिखल वर आहे, आपले शेत खाली." आम्ही पाहिले. खारफुटीच्या मुळांशी साचलेला गाळ खरोखरच आमच्या वाफ्यांहून हातभर उंच होता. पन्नास वर्षे त्या बांधावरून चाललो. हे कधी ध्यानात आले नव्हते.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटविला, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली. भूगर्भशास्त्राची कथा उलटी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा मोरजीपासून कित्येक कोस पश्चिमेला होता आणि शापोरा, तेरेखोल, मांडवी या नद्या त्या दूरच्या समुद्राकडे जाताना खोल दऱ्या कोरीत होत्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला, दऱ्यांत शिरला. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीच्या आसपास येऊन मंदावला. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजे आपल्या खाड्या. आखूड नद्यांना त्या अजून गाळाने भरून काढता आलेल्या नाहीत. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी मात्र १,४६५ किलोमीटर चालून पूर्व किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश रचते. तेथेही गाळ आपल्याच भाराने दबतो, जमीन खचते. पुराचा नवा थर ती तूट भरून काढतो. धरणांनी गाळ अडविला की हा हिशेब बिघडतो.

आमच्या खाजनाचे गणित निराळे नाही. खाजने आपली घराणी येथे उतरण्याच्या कितीतरी आधीची. बांध आणि मानशीचे दरवाजे यांनी भरती बाहेर ठेवली. तिच्याबरोबर गाळही बाहेर राहिला. आतली माती सुकली, आकसली, बसली. उलट दिशेने, १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वर आली. शापोरेचे वरचे पाणी तिळारीचे. दोडामार्गातील धरण पाणी सोडते, तेव्हा डिचोलीतील साळ गाव धास्तावतो. गाळ मात्र धरण बहुतांशी स्वतःपाशीच ठेवते. त्याच डिचोलीत शिरगाव, मुळगावच्या शेतांत खाणींची लाल माती वाहून आली आणि शेते निकामी झाली. गाळ हवा तेथे नाही, नको तेथे ढिगाने!

जानेवारी २०२३ मध्ये मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीला गिऱ्हाईक पुष्कळ आहे. धाकटे बंधू म्हणतात, बुडणारे शेत विकून मोकळे व्हावे. घरात यावरून दोन पक्ष पडले, आणि गणेशचतुर्थीच्या पंक्तीतही तोच विषय निघाला. शेवटी बांध पुन्हा घातला, पण नदीकडचा एक वाफा आतून वेगळा बांध घालून तोडला आणि त्याची मानस भरतीला उघडी ठेवली. चैत्रात तेथे बांबू रोवून खूण केली होती. दिवाळीला पाहिले, तर खुणेवर दोन बोटे गाळ चढला होता. बंधूंनी तो बोटाने चाचपून पाहिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, एवढेच म्हणाले.