शजऱ्यात नसलेली नावं

आम्हां मराठी मुसलमानांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुमचे पूर्वज मूळचे कुठले? मग आमच्यातले काहीजण थेट अरबस्तानापर्यंत पोहोचणारा खानदानी शजरा शोधू लागतात. आमच्या घरात पणजोबांच्या पलीकडचं नाव कुणाला ठाऊक नाही. ते पिंजारी होते, दारोदार कापूस पिंजायचे, एवढंच माहीत.

सूफींनी याकडे पाहण्याची वेगळी नजर दिली. चिश्ती सिलसिल्याचा शजरा पाहा. अजमेरचे ख्वाजा मोईनुद्दीन, त्यांचे खलिफा दिल्लीचे कुतबुद्दीन बख्तियार काकी, मग बाबा फरीद, मग निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे खलिफा बुऱ्हाणुद्दीन गरीब. हे दख्खनेत आले, 1337 मध्ये वफात पावले. त्यांचा मजार खुलदाबादला आहे. या पाचांत कुणीही आधीच्याचा मुलगा नाही. उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेला हा वारसा आम्हां शिक्षकांना फार जवळचा वाटतो.

पण या शजऱ्यातही बायकांची नावं नाहीत. त्यांचा वारसा जात्यापाशी सापडतो. दख्खनच्या सूफी परंपरेत दखनी बोलीतले चक्कीनामे आहेत, दळताना म्हणायचे. त्यांत जात्याचा खुंटा अलिफ होतो, अन् अलिफ म्हणजे अल्लाह. अक्षरओळख नसलेल्या बायका दळता दळता जिक्र करायच्या आणि शेजारचं लेकरू ते ऐकायचं. त्या आयांनी आम्हांला दीन दिला, नाव मात्र मागं ठेवलं नाही.

शब-ए-बरातला आम्ही कब्रस्तानात जातो. कित्येक कच्च्या कबरी जमिनीला मिळाल्यात. आम्ही फातिहा पढतो, तीनदा कुल हुवल्लाह पढतो आणि सवाब सगळ्यांना बख्शतो. काही भाऊबंद यावर वाद घालतात. आमचं म्हणणं साधं आहे : मागायचं ते अल्लाहकडेच, पण त्यांच्यासाठी मागायचं. नावं आम्ही विसरलो, तो विसरलेला नाही.

वर्गातल्या मुलांना आम्ही सांगतो, घरी जाऊन नानीच्या आईचं नाव विचारून या. फार थोडी मुलं नाव घेऊन येतात. मिळालं तर वहीत लिहा. नाही मिळालं तर तेवढी जागा कोरी सोडा आणि दुवा मागताना तिला विसरू नका.