सुईखालची जमीन

तबकडीवर सुई टेकते आणि पहिला स्वर उमटतो, या दोहोंच्या मध्ये काही क्षण असतात. वाजत काहीच नसतं, तरी स्पीकर जागे झालेले कळतात. हलकीशी सरसर, तडकणारा एखादा धुळीचा कण, आणि या सगळ्याच्या तळाशी, कानांपेक्षा छातीलाच आधी जाणवणारी एक घरघर. रेकॉर्डी ऐकत वाढलेल्या माणसाला ती ओळखीची असते. सुरुवातीची कोरी खाच संपून तंबोरे सुरू होईपर्यंत श्वास थोडा आवरलेलाच राहतो. मला गाण्याइतकेच हे क्षण प्रिय आहेत, खरं सांगायचं तर काकणभर जास्तच.

त्या घरघरीतली थोडी मोटरची असते, थोडी बेअरिंगची. बाकीची घराची.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत फळ्यांची जमीन होती. जिन्यावरून कुणी चढू लागलं की तो कोण हे तळपायांना आधी कळायचं: दुधवाल्याची बरणी टेकायची, शाळा सुटलेली पोरं गॅलरी दणाणत यायची, आजी पाटावर बसून खलबत्त्यात वेलदोडे कुटायला लागली की दोन खोल्या पलीकडे काचेच्या कपाटातल्या कपबशा एकमेकींना लागून किणकिणायच्या. अशा घरात काकांनी पहिल्या पगारांतून साठवून रेकॉर्ड प्लेअर आणला. रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला बनियन घालून ते रेकॉर्डचं पाकीट उघडायचे, तबकडी कडांनी धरून दोन्ही तळहातांमध्ये अलगद फिरवायचे, आणि सुई खाली येताना आई दारातून दबक्या आवाजात म्हणायची, “हळू चाला रे, सुई उडेल.” मग आम्ही सगळी पोरं टाचा उचलून चालायचो. संगीताचा पहिला संस्कार माझ्या कानांवर झाला नाही. तो टाचांवर झाला.

प्लेअर आधी टीपॉयवर होता. मग एका रविवारी काकांनी बाहेरच्या जाड दगडी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी बसवली आणि प्लेअर जमिनीपासून सोडवला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आज मोठमोठे जाणकार लाकडी जमिनीच्या घरांना हाच सल्ला देतात, हे वाचलं तेव्हा मला त्या ब्रॅकेटवरचा हिरवा रंग आठवला.

तरी एकदा व्हायचं ते झालंच. माझ्या आत्तेभावाने पलंगावरून उडी घेतली, कशासाठी ते आता कुणालाच आठवत नाही. किशोरीताईंचा भूप चालू होता. भिंतसुद्धा हलली असावी, कारण सुई उडाली, खाचा ओलांडत घसरली आणि खर्रकन थांबली. सगळे गप्प. काका ओरडले नाहीत. त्यांनी तबकडी उजेडात तिरकी धरली आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. काळ्या चकाकीवर एक राखाडी रेघ उमटली होती, केसाएवढी.

ती रेकॉर्ड आता माझ्याकडे आहे. प्लेअर नवा, घर नवं, सिमेंटचं, गाड्यांच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. इथे पावलं जाणवत नाहीत. इथे दुसरंच काही येतं: मालगाडी गेली की खिडकीचं तावदान हलायच्या आधी पाण्याचा ग्लास हलतो, पहाटे सोसायटीचा पंप सुरू झाला की भिंतीला हात लावून तो चालू आहे हे सांगता येतं, वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागली की सगळा स्लॅब आपला आपण गुणगुणतो. आणि सुई फार भोळी असते. खाच आणि ती, या दोघींमध्ये जे काही हललं ते तिच्या लेखी गाणं. गायिकेचा गंधार कोणता आणि सोसायटीचा पंप कोणता, हा भेद तिला करता येत नाही. खाचेच्या भिंतींवरची सर्वांत कोवळी वळणं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. घराची थरथर त्यांच्यापुढे डोंगराएवढी. शिवाय टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची मिळून स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण ८ ते १२ कंपनांची. त्याच पट्टीत खालून काही आलं की आर्म त्याला साथ देतो, आणि वूफरचा कागद ऐकू न येणाऱ्या लाटांवर मागेपुढे डुलत राहतो. आवाज म्हणावा तर नाही, पण गाण्याच्या पायाखालची जमीन मात्र निसरडी झालेली असते.

यावरचा इलाज जुनाच आहे. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९६१ मध्ये एआर कंपनीचा जो प्लेअर आणला, त्यात तबकडी आणि आर्म एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर तोलली होती. पाळणा हलला तरी आतलं बाळ आणि त्याची दुपटी एकत्रच हलतात, तसं. दोघांमधलं अंतर बदलत नाही, म्हणून सुईला काही कळत नाही. पुढे स्कॉटलंडच्या लिन कंपनीने सत्तरीच्या दशकात हाच विचार उचलला आणि त्यावर एक पिढीच्या पिढी पोसली. माझ्या प्लेअरला असा पाळणा नाही. म्हणून मी तो बाहेरून बांधला.

आधी गरिबाची युक्ती केली. मार्बलवाल्याकडून पॉलिश केलेल्या कडप्प्याचा तुकडा कापून आणला, लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अर्धीच फुगवून त्याखाली ठेवली, आणि वर प्लेअर. ओट्याचा दगड दिवाणखान्यात बघून घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. युक्ती झकास चालते, फक्त ट्यूबची हवा हळूहळू जाते आणि प्लेअर एका कुशीवर कलतो. मग पाणसळ काढा, पंप काढा. शेवटी स्प्रिंगांची बैठक घेतली. स्प्रिंगचाही स्वभाव ओळखावा लागतो. ती वजनाखाली २५ मिलिमीटर दबली तर तिची स्वतःची लय सेकंदाला जेमतेम ३ झोक्यांची होते; त्या लयीच्या सुमारे दीडपटीच्या वरचं जे काही खालून येईल ते ती गिळत जाते, जितकं वरचं तितकं जास्त. पण नेमकी तिच्याच लयीची थरथर आली तर ती कमी करणं सोडाच, वाढवून देते. म्हणून आमच्या चाळीतल्या लवचीक फळ्यांवर ही बैठक बावळट ठरली असती. तिथे काकांची भिंतच खरी. स्लॅबच्या घरात मात्र स्प्रिंग शोभते. बाजारात चांदीच्या भावाचे पाय आणि शंकू मिळतात, त्यांतले पुष्कळसे निव्वळ दागिने आहेत असं माझं मत आहे.

पहिल्या रात्री बैठकीवर भूप लावला. सुई टेकली आणि ती घरघर नव्हती. स्पीकर बंद आहेत की काय म्हणून मी उठलोसुद्धा. मग तंबोरे आले, आणि ते कुठून तरी खोलवरून, कोरड्या काळोखातून आल्यासारखे आले. दोन तंबोऱ्यांच्या जवारीतला फरक पहिल्यांदा सुटा कळला. गंमत ही की तंबोरा म्हणजे नखशिखांत थरथर. मिरजेच्या कारागिराने तासलेली घोडी, तारेखाली सरकवलेला दोरा, पोकळ भोपळा, सगळं काही थरथर धरून ठेवण्यासाठी. ती सगळी खाचेत ओतलेली, आणि ती आमच्यापर्यंत नीट यावी म्हणून खाली दगड आणि स्प्रिंगा घालून बाकीच्या जगाची थरथर थोपवायची. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. तिथे ४ किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांना ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर, काचेच्या तंतूंनी टांगलेले असतील. कृष्णविवरांच्या टकरीची कुजबुज ऐकायची तर मराठवाड्यातल्या ट्रॅक्टरची धडधड आरशाला कळता कामा नये. ते वाचून मला उगाच बरं वाटलं. आपला कडप्पा त्याच घराण्यातला, अगदी दूरचा का होईना.

आणि भूप पुढे सरकला तेव्हा ती जागा आली. टक्. मग पुन्हा टक्. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने दर १.८ सेकंदांनी एकदा, तालाशी काही देणंघेणं नसलेली ती टकटक काही फेऱ्या चालली आणि विरली. आजची पावलं बैठकीने बाहेर ठेवली होती. ते एक पाऊल खाचेतच होतं. त्याला कुठली स्प्रिंग अडवणार?

मागल्या दिवाळीत काका आले होते. आता गुडघे धरतात, कान मात्र तसेच. मी बैठक दाखवली. त्यांनी प्लेअरच्या कडेला बोट लावून तो हळूच डुलवला, थांबेपर्यंत पाहिला आणि “बरं आहे” म्हणाले. रेकॉर्ड लावली. डोळे मिटून ऐकत राहिले. टकटक आली तेव्हा हसले, “त्याला अमेरिकेत फोन करून ऐकव.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “आवाज फार छान आहे रे. पण घरात कुणी नाही असं वाटतंय.”

घरात सगळे होते. काका येणार म्हणून सगळे शिस्तीने गप्प होते, इतकंच. ही बैठक पायांतून येणारं अडवते, हवेतून येणाऱ्याशी तिचा फारसा संबंध नाही. सुईला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळू नये असं थोडंच आहे? काकांनी दुसरी बाजू लावायला सांगितली. बागेश्री होता. सुई उचलून धरली तशीच मी आतल्यांना हाक मारली, की खोबऱ्याची चटणी अडली असेल तर मिक्सर खुशाल लावा.